सायकलवरून रेल्वेमार्ग बघताना: नाशिकच्या नवख्या रेल्वेवेड्यांसाठी

नाशिकमध्ये राहणाऱ्या रेल्वेवेड्याला लांब कुठे जायची गरज नाही. मुंबईहून निघालेला मुख्य मार्ग थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढून इगतपुरीला येतो आणि देवळाली, नाशिक रोड, निफाड, लासलगाव करत मनमाडला पोचतो. इगतपुरी ते मनमाड हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर. तेवढ्यात भाताची खाचरं, लष्करी छावणी, गोदावरी, द्राक्षबागा, कांद्याचे बाजार आणि शेवटी तीन दिशांना मार्ग फुटणारं जंक्शन, असं सगळं येतं. गाडीच्या खिडकीतून हे भराभर मागे पडतं. सायकलवरून मात्र रूळ इथूनच का गेले, चढ कुठे टाळला, नदी कुठे गाठली, हे कळायला लागतं, कारण तोच चढ तुमच्या पायांना लागलेला असतो.

हा लेख ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी आहे. साधी सायकल आणि एक मोकळी सकाळ असली की पुरे.

आधी एक नियम

आपण रस्त्यावरून जायचं, रुळाच्या कडेनं नाही. रुळाला लागून बऱ्याच ठिकाणी कच्ची वाट दिसते आणि ती मोहात पाडते. ती रेल्वेची हद्द आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना हद्दीत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. विजेवरची गाडी डिझेलसारखी दुरून गर्जत येत नाही. वारा उलटा असेल तर शंभरच्या पुढच्या वेगानं येणारी एक्स्प्रेस अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, आणि एका गाडीकडे बघत असताना दुसऱ्या रुळावरून दुसरी येते.

वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तिला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलेल्या वस्तूकडे वीज झेप घेते. म्हणून पुलावर किंवा फलाटावर सेल्फी स्टिक, छत्री किंवा लांब काठी उंच धरायची नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगतो आणि दुसऱ्यांदाही सांगतो.

सुरुवात फाटकापासून करा

नवखा माणूस पहिल्याच दिवशी कॅमेरा घेऊन लांब पल्ल्याला निघतो, दोन गाड्यांचे पाठमोरे फोटो मिळवतो आणि दमून घरी येतो. त्यापेक्षा घराजवळचं एक फाटक निवडा आणि पहिली सकाळ तिथेच घालवा. सायकल रस्त्याच्या कडेला, फाटकाच्या दांड्यापासून चांगली मागे लावा. दोन-तीन तासांत जे शिकाल ते नंतर प्रत्येक फेरीत उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे दिशा. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून येणारी डाऊन. गाड्यांच्या जाणत्या मंडळींच्या तोंडी हेच शब्द असतात, तेव्हा लवकर सवय करून घ्या.

दुसरं, खांब. विजेच्या तारा धरणाऱ्या प्रत्येक खांबावर एकाखाली एक असे दोन आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा मुंबईपासूनचे किलोमीटर सांगतो, खालचा त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. इगतपुरी साधारण १३७ वर, नाशिक रोड १८७ वर, मनमाड २६१ वर. एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्याही फाटकावर उभं राहून, नकाशा न उघडता, आपण मार्गावर नेमके कुठे आहोत ते सांगता येतं. मला तरी ही या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: सगळ्या मार्गावर पत्ता लिहिलेला आहे आणि तो रस्त्यावरून वाचता येतो.

तिसरं, पाट्या. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं दिसेल. सीटी, फाटक. लोको पायलटनं, म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं, तिथून हॉर्न वाजवायचा असतो. म्हणजे फाटकाजवळ उभ्या असलेल्या तुमच्यासाठी ती आधी मिळणारी सूचना आहे.

चौथं, सिग्नल. हिरवा म्हणजे पुढे मोकळं, दोन पिवळे म्हणजे वेग सांभाळून, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं, लाल म्हणजे थांबा. लहान स्थानकाजवळ पिवळ्या दिव्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ पेटली, तर येणारी गाडी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूच्या जादा रुळावर, घेतली जाणार आहे. ती मालगाडी असेल तर जागा सोडू नका. तिला बाजूला घेतलं म्हणजे बहुधा मागून एखादी एक्स्प्रेस तिला ओलांडून जाणार असते. असं ओलांडणं रस्त्यावरून बघायला मिळणं हा या छंदातला खरा आनंद आहे.

गाडी गेली की मान वळवून शेवटचा डबा बघा. त्यावर मोठी फुली आणि लाल दिवा असतो. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत डबा सुटून मागे राहिलेला नाही. गेटमनही तेच बघत असतो.

गेटमनशी बोलायचं ते फाटक उघडल्यावर, मोकळा वेळ बघून. ‘दादा, राम राम, गाड्या बघायला आलोय’ एवढं सरळ सांगितलं की बहुतेक माणसं आपुलकीनं बोलतात. फोन वाजत असताना किंवा फाटक बंद होत असताना एक शब्दही बोलायचा नाही. त्याच्या कोठीत शिरायचं नाही, आणि ‘गाडी कुठवर आली’ म्हणून सारखं विचारायचं नाही. त्यासाठी एनटीईएस आहे.

वेळ कशी काढायची

एनटीईएस हे रेल्वेचं स्वतःचं ॲप. त्यात स्थानक टाकलं की पुढच्या काही तासांत येणाऱ्या गाड्या दिसतात. आदल्या रात्री नाशिक रोडची यादी बघून चार गाड्या निवडा आणि कागदावर लिहून घ्या. मालगाड्या त्यात दिसत नाहीत, त्या मिळतात त्या नशिबानं आणि धीरानं.

सुरुवातीला ओळखीच्या गाड्या धरा. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडहून मुंबईला निघते. १९७५ पासून धावणारी ही गाडी म्हणजे मुंबईला रोज नोकरीला जाणाऱ्या नाशिककरांचं दुसरं घर. तपोवन आहे, जनशताब्दी आहे, शिर्डीची वंदे भारत आहे. वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, मोटरी गाडीच्या डब्यांखालीच असतात.

इंजिनांची नावं आधी अवघड वाटतात, पण रीत सोपी आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रूळ), ‘ए’ म्हणजे एसी विजेवर चालणारं, ‘पी’ म्हणजे प्रवासी, ‘जी’ म्हणजे माल. म्हणून डब्ल्यूएपी-७ प्रवासी गाड्यांना आणि डब्ल्यूएजी-९ मालगाड्यांना. दोन भाग जोडलेलं लांबलचक डब्ल्यूएजी-१२ दिसलं तर नंबर नक्की टिपा. ते १२ हजार अश्वशक्तीचं आहे आणि त्याचा नंबर ६० पासून सुरू होतो. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नावही असतं: भुसावळ, कल्याण, अजनी किंवा पार दूरचं एखादं. प्रवासी डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे सहसा बांधणीचं वर्ष सांगतात.

सायकल आणि सामान

गिअर असोत-नसोत, ब्रेक नीट हवेत. टायर फार बारीक नकोत. गावाकडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात, म्हणून एक जास्तीची ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत ठेवा, आणि ट्यूब बदलायला घरीच शिकून घ्या. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. दुर्बीण असेल तर फार उपयोगाची: हद्दीबाहेर राहूनही पाट्या आणि इंजिनाचा नंबर वाचता येतो.

वही मात्र हवीच. तारीख, जागा, खांबाचा किलोमीटर, गाडी, इंजिन, दिशा आणि वेळ, एवढं लिहीत गेलात तर काही महिन्यांत तुमच्या भागातल्या मार्गाची लय तुम्हाला पाठ होते.

पहिली वाट: शहर ते नाशिक रोड

शहरात राहत असाल तर मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून निघा. इथून नाशिक रोड स्टेशनपर्यंत एके काळी ट्राम जायची. १८८९ मध्ये ती सुरू झाली. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. सुरुवातीला चार घोडे दोन डबे ओढायचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तोट्यात जाऊन बंद पडली. मुख्य मार्ग गावापासून आठ-दहा किलोमीटर दूर राहिला, म्हणून ही ट्राम लागली. द्वारका चौकावरून नाशिक रोडकडे पेडल मारताना हे अंतर अंगानं कळतं आणि ‘नाशिक’ व ‘नाशिक रोड’ ही दोन गावं का वाढली तेही उमगतं.

सकाळी साडेसहाच्या आत निघा, नंतर या रस्त्यावर वाहनांची गर्दी फार होते. स्टेशनवर सायकल पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवा, फलाट तिकीट काढा आणि पिवळी नामपाटी नीट वाचा. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वहीत पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक स्टेशनची उंची तिच्याखाली लिहीत गेलात की मार्गाचा चढ-उतार तुमच्याच अक्षरात तयार होतो.

नाशिक रोडला रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना आहे, म्हणजे विजेच्या इंजिनांच्या मोटरींची दुरुस्ती इथे होते. विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्थाही इथेच. दोन्ही ठिकाणी बाहेरूनच नमस्कार करायचा. शिवाय या परिसरात नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस आहे, त्यांच्या भिंतींकडे कॅमेरा वळवू नका.

दुसरी वाट: देवळाली, लहवित, अस्वली

ही माझी आवडती. नाशिक रोडहून लॅम रोडनं देवळाली कॅम्प गाठायचं. झाडांची सावली आहे आणि वाहतूक शहराच्या मानानं कमी. छावणीत फोटो काढू नका, ड्रोनचा विचारही करू नका. हा तोफखान्याचा भाग आहे. कोणी जवानानं थांबवलं तर उतरून, नाव सांगून, सरळ उत्तर द्यायचं.

देवळाली स्टेशन तसं शांत, पण शेतमाल नेणारी देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी इथूनच बिहारमधल्या दानापूरला निघाली. पुढे भगूर. सावरकरांचं जन्मघर तिथे आहे, बघायचं असेल तर अर्धा तास वेगळा ठेवा. मग लहवित. इथून रस्ता आणि रूळ कधी जवळ येतात, कधी दुरावतात. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली असते आणि हिरव्या खाचरांमागून जाणारी मालगाडी पाहायला फोटोची गरजच वाटत नाही.

अस्वली स्टेशनपर्यंत जाऊन परत फिरणं हे नवख्यासाठी योग्य अंतर. दम असेल तर तिथून मुंढेगावकडे महामार्गावर निघून घोटी आणि इगतपुरी गाठता येते, पण महामार्गावर कडेची पट्टी सोडायची नाही. कसारा घाटात मात्र सायकल घालू नका, निदान पहिल्या वर्षी नाही.

पावसाळी वाऱ्याचा इथे हिशेब ठेवावा लागतो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे इगतपुरीकडे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. ताजे असताना वाऱ्याविरुद्ध जाणं आणि दमल्यावर वाऱ्यानं घरी आणणं, हा चांगला सौदा आहे. घोटीच्या पुढे पाऊस फार जोराचा असतो. फाटकांऐवजी झालेल्या भुयारी मार्गांत तेव्हा पाणी साचतं. तळ दिसत नसेल तर सायकल आत घालू नका.

इगतपुरीला पोचलात तर फलाटावर निवांत बसा. कसाऱ्याहून इगतपुरीचा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. भारतातल्या मुख्य ब्रॉडगेज मार्गांवर इतका उभा चढ क्वचितच आढळतो. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात आणि पुन्हा घाट उतरून खाली जातात. चढून आलेल्या गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिनं बघणं आणि मागची सुटताना कपलिंगचा आवाज ऐकणं, यासाठी नाशिकहून पेडल मारत येणं नक्कीच सार्थकी लागतं. पूर्वी याच इगतपुरीला इंजिनं बदलली जायची, कारण मुंबईकडची वीज १५०० व्होल्ट डीसी होती आणि पुढची २५ हजार व्होल्ट एसी. आता सगळीकडे एसी झाल्यामुळे तो सोहळा राहिला नाही. जुन्या प्रवाशांना तो लांबलेला थांबा आठवतो, भेटले तर जरूर विचारा.

तिसरी वाट: ओढा ते लासलगाव

हिवाळ्यासाठी ही वाट. जेल रोडनं दसक-पंचकवरून नांदूर नाक्याला यायचं, मग छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं माडसांगवी, शिलापूर करत ओढा. नाशिक रोड आणि ओढा यांच्यामध्ये रेल्वे गोदावरी ओलांडते, आणि तुम्हीही ती रस्त्याच्या पुलावरून ओलांडलेली असते. या भागात कोळशाच्या उघड्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, दिसतात, त्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या.

पुढे चांदोरीवरून खेरवाडी, मग कसबे सुकेणे. इथे प्रदेश सपाट आहे आणि मार्ग जवळपास सरळ, त्यामुळे गाडी लांबून दिसते. द्राक्षाच्या हंगामात टेम्पो आणि ट्रॅक्टर वेगानं येतात, आडव्या रस्त्यांवर जपून. निफाड स्टेशन गावापासून उत्तरेला थोडं बाहेर आहे, नकाशावर आधीच बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पहाटे निघणार असाल तर हातमोजे विसरू नका, बोटं गारठली की ब्रेक दाबता येत नाही.

उगाव ओलांडून लासलगाव. इथली बाजार समिती १९४७ पासूनची, कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यावर येतात. मालधक्क्यावर बंद वाघिणींची गाडी उभी असेल आणि गोण्या चढत असतील, तर लांबून बघत थांबा. शेतातला कांदा रुळावर येतो तो क्षण इथे दिसतो. नाशिक रोडपासून लासलगाव रेल्वेनं सुमारे ५० किलोमीटर. पहिल्याच हिवाळ्यात सायकलनं जाऊन-येऊन करायचा हट्ट धरू नका. कसबे सुकेण्यापर्यंत जा, तिथून परत.

मनमाड, पुढच्या वर्षी

लासलगावच्या पुढे ‘समिट’ नावाचं एक छोटं स्टेशन आहे. लासलगावचं पाणी गोदावरीला जातं, मनमाडचं गिरणेतून तापीला. दोन खोऱ्यांमधला उंचवटा इथे आहे आणि रेल्वेनं तो नावातच नोंदवला. वहीतल्या उंचीच्या यादीत हे स्टेशन आलं पाहिजे.

मनमाडला तीन मार्ग: भुसावळकडे, दौंडकडे आणि छत्रपती संभाजीनगर-नांदेडकडे. तिसरा पूर्वी निजामाच्या रेल्वेचा मीटर गेज मार्ग होता, १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. त्याआधी रुळांची रुंदी वेगळी असल्यामुळे मनमाडला प्रवाशांना आणि मालाला गाडी बदलावी लागायची. अनकाई-टंकाई किल्ल्यावर चढलात तर पायथ्यालगतचे रूळ आणि त्यांची वळणं वरून दिसतात. सायकल खाली गावात कुणाच्या तरी ओट्याजवळ, विचारून, कुलूप लावून ठेवा.

परतताना रेल्वेनं यायचं असेल तर

सायकल गाडीत घेऊन येता येते, पण ती प्रवासी डब्यात नव्हे, ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. त्यासाठी पार्सल कार्यालयात नोंद करावी लागते, आणि ते फक्त मोठ्या स्टेशनांवर असतं. आमच्या भागात नाशिक रोड आणि मनमाड डोळ्यांसमोर ठेवा. तिकीट आणि ओळखपत्र सोबत, गाडीच्या बरीच आधी पोचायचं. हँडल आडवं वळवून बांधा, सुटे दिवे-पंप काढून घ्या, सायकलवर नाव, फोन आणि ‘कुठून-कुठे’ ठळक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी लावा. त्या गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये जागा आहे का आणि ती तुमच्या स्टेशनवर सामान उतरवण्याइतकी थांबते का, हे आदल्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या. घडीची सायकल पिशवीत घालून नेणं याहून सोपं पडतं.

आणि पहिल्या काही फेऱ्या शक्यतो दोघांनी करा. एक जण वहीत लिहीत असताना दुसऱ्याचं लक्ष रस्त्याकडे राहतं.